विरथाचे रक्षण : शत्रूच्या भूमीवर उतरलेला वैमानिक आणि युद्धधर्माची मर्यादा

युद्धकाळात शत्रूच्या प्रदेशावर विमान पाडले गेले आणि वैमानिक पॅराशूटच्या आधाराने जिवंत खाली उतरला, तर अवघ्या काही मिनिटांत त्याची नैतिक स्थिती पालटून जाते. हवेत असताना शेकडो माणसांचे जगणे-मरणे त्याच्या हाती असते, आणि जमिनीला पाय लागताच त्याचे जगणे-मरणे ज्यांच्या हाती जाते ती माणसे पुष्कळदा त्याच्याच पक्षाच्या बॉम्बखाली होरपळलेली असतात. पायदळातला सैनिक बहुधा दुसऱ्या सैनिकापुढे शस्त्र खाली ठेवतो, आणि तेथे शरण येणारा व शरण घेणारा हे दोघेही एकाच व्यवसायाचे संकेत जाणणारे असतात. वैमानिक मात्र शेतकऱ्याच्या, कामगाराच्या किंवा घर गमावलेल्या विधवेच्या पुढ्यात येऊन उभा राहतो. अशा माणसाला अभय मिळावे काय, मिळावे तर ते कोणत्या आधारावर, आणि त्याने केलेला संहार त्या अभयाच्या आड येतो की नाही, हा धर्मशास्त्र व नीतिशास्त्र या दोहोंच्या कक्षेत येणारा प्रश्न आहे.

भारतीय परंपरेला विमानयुद्धाचा अनुभव नव्हता. तथापि ज्याचे युद्धसाधन नष्ट झाले आहे अशा योद्ध्याचा विचार तिने बारकाईने केला होता. रथ मोडल्यामुळे किंवा घोडे मारले गेल्यामुळे जमिनीवर आलेल्या रथी योद्ध्याला ‘विरथ’ म्हणत, आणि महाभारताच्या भीष्मपर्वात युद्धारंभीच दोन्ही पक्ष जे नियम मान्य करतात त्यांत दुसऱ्याशी लढण्यात गुंतलेल्यावर, पाठ फिरवलेल्यावर, शस्त्र वा कवच गमावलेल्यावर प्रहार करू नये, असे ठरलेले आहे. मनुस्मृतीच्या सातव्या अध्यायातील यादी याहून लांब असून, स्वतः रथावर असताना जमिनीवर उभ्या असलेल्यावर, हात जोडणाऱ्यावर, झोपलेल्यावर, जखमी वा भयभीत झालेल्यावर, तसेच आपण शरण आलो असे सांगणाऱ्यावर शस्त्र चालवण्यास तेथे मनाई केली आहे. आधुनिक आंतरराष्ट्रीय कायदा वेगळ्या वाटेने याच ठिकाणी पोहोचला. १९०७ च्या हेग नियमांनी शस्त्र खाली ठेवलेल्या शत्रूला ठार मारणे निषिद्ध ठरवले, १९२९ च्या जिनिव्हा कराराने युद्धकैद्याला हिंसा, अपमान आणि जमावाचे कुतूहल यांपासून संरक्षण दिले, आणि १९७७ च्या पहिल्या अतिरिक्त प्रोटोकॉलमधील ४२ व्या कलमाने संकटग्रस्त विमानातून पॅराशूटने उतरणाऱ्यावर तो हवेत असताना हल्ला करू नये, व शत्रूच्या प्रदेशात उतरल्यावर, तो उघडपणे शत्रुत्वाची कृती करत नसेल तर, त्याला शरण येण्याची संधी द्यावी, असे स्पष्ट शब्दांत सांगितले. छत्रीधारी सैन्याला, म्हणजे लढण्यासाठीच उडी टाकणाऱ्या सैनिकांना, हे कलम लागू नाही. यावरून संरक्षण पॅराशूटला नसून असहायतेला दिलेले आहे, हे ध्यानात येते.

लिखित कलम येण्यापूर्वीही हा संकेत वैमानिकांत वावरत होता. जर्मन हवाई दलातील गुस्ताव र्‍योडेल या अधिकाऱ्याने आपल्या हाताखालच्या वैमानिकांना बजावले होते की, पॅराशूटने उतरणाऱ्यावर गोळी झाडणाऱ्याला तो स्वतः गोळी घालील. या तालमीत तयार झालेला फ्रान्झ स्टिग्लर २० डिसेंबर १९४३ रोजी चार्ली ब्राउन याच्या मोडकळीस आलेल्या अमेरिकी बी-१७ विमानाजवळ पोहोचला तेव्हा, आतील जखमी माणसे दिसताच त्याने गोळीबार केला नाही, उलट समुद्राकडे जाईपर्यंत त्या विमानाला सोबत दिली. ते विमान पॅराशूटने उतरणाऱ्या माणसाइतकेच असहाय झाले आहे, असे त्याने मानले होते.

या नियमाचा तात्त्विक पाया कोणता, हे पाहण्यासाठी उत्सर्ग आणि अपवाद या मीमांसकांच्या जोडीचा उपयोग होतो. उत्सर्ग म्हणजे सर्वसाधारण नियम आणि अपवाद म्हणजे विशिष्ट परिस्थितीत त्याला पडणारा छेद. अपवाद आपल्या परिस्थितीपुरताच चालतो आणि ती परिस्थिती सरताच उत्सर्ग आपोआप पुन्हा लागू होतो. हिंसा करू नये हा उत्सर्ग आहे आणि रणांगणावरील वध हा अपवाद आहे. लोकमान्य टिळकांनी ‘गीतारहस्या’च्या ‘कर्मजिज्ञासा’ या प्रकरणात अहिंसा, सत्य इत्यादी सामान्य धर्मांना अपवाद का मानावे लागतात याची विस्तृत चर्चा केली आहे; पण अपवाद मान्य करणे म्हणजे त्याची मुदत संपली तरी तो चालू ठेवणे नव्हे. समोरचा शस्त्र धरून आपल्यावर चालून येतो आहे, या एका कारणाने योद्ध्याला वधाची मुभा मिळते, आणि ते कारण नाहीसे झाल्यावर उरते ती केवळ मनुष्यहत्या. म्हणून विरथाला मिळणाऱ्या अभयाला दया हे नाव देणे अपुरे ठरते. दया ही करणाऱ्याच्या मर्जीवर असते. येथे तर मारणाऱ्याचा अधिकारच संपलेला असतो.

याविरुद्ध जो युक्तिवाद केला जातो तो दुबळा नाही, आणि त्याची मुळेही परंपरेतच सापडतात. स्मृतिकारांनी ‘आततायी’ ही संज्ञा आग लावणारा, विष घालणारा, शस्त्र उगारून आलेला, आणि धन, भूमी वा पत्नी हिरावून नेणारा अशा सहा प्रकारच्या माणसांना लावली असून, आततायी चालून आला असता मागचापुढचा विचार न करता त्याला मारावे, असे मनूने म्हटले आहे. जुलै १९४३ च्या अखेरीस ब्रिटिश व अमेरिकी विमानांनी हॅम्बुर्गवर केलेल्या हल्ल्यांत, विशेषतः २७ जुलैच्या रात्री उठलेल्या अग्निवादळात, हजारो नागरिक जळून वा गुदमरून मेले; अशी आग लावणाऱ्याला ‘अग्निद’ हे विशेषण अक्षरशः लागू पडते. त्यातही बरेचसे बॉम्बहल्ले रात्री, झोपलेल्या वस्तीवर होत असल्यामुळे, ज्या झोपलेल्यावर शस्त्र चालवू नये त्यालाच वैमानिकाने मारलेले असते. ज्याने नियम पाळला नाही त्याने नियमाचे छत्र मागावे काय, हा प्रश्न मग अटळ होतो.

हाच प्रश्न कर्णपर्वात उभा राहतो. रथाचे चाक भूमीत रुतल्यावर कर्ण अर्जुनाला धर्माची आठवण देतो, तेव्हा कृष्ण त्याला द्यूतसभेतील द्रौपदीची विटंबना आणि अनेकांनी मिळून केलेला अभिमन्यूचा वध यांची एकेक आठवण देऊन, तेव्हा तुझा धर्म कोठे गेला होता, असे विचारतो. असाच युक्तिवाद दुसऱ्या महायुद्धातही झाला. मे १९४४ च्या अखेरीस जर्मन प्रचारमंत्री गोबेल्सने नाझी पक्षाच्या दैनिकात लेख लिहून, नागरिकांवर गोळ्या झाडणाऱ्या वैमानिकांना लोकांच्या रोषापासून वाचवण्यासाठी जर्मन पोलीस व सैनिक वापरणे ही अवाजवी अपेक्षा होय, असे सुचवले, आणि पाठोपाठ ३० मे रोजी पक्षाच्या मुख्य कचेरीचा प्रमुख बोरमान याने पक्षाच्या अधिकाऱ्यांना धाडलेल्या परिपत्रकातून, अशा वैमानिकांना ठेचून मारणाऱ्या नागरिकांवर कोणतीही कारवाई झालेली नाही, हे सूचकपणे कळवले. वरवर पाहता कृष्णाचे उत्तर आणि गोबेल्सचा लेख यांची तर्कपद्धती एकच भासते, आणि जो वाचक महाभारताला प्रमाण मानतो त्याला या साम्याला सामोरे जावेच लागते.

साम्य वरवरचे आहे, हे दोन कारणांनी दाखवता येते. पहिले कारण कथेतच आहे. कर्ण विरथ होण्याच्या बेतात असला तरी तो शरण आलेला नाही. त्याला चाक उचलण्यापुरता अवधी हवा आहे, आणि कृष्णाच्या बोलण्यानंतरही तो अस्त्रे सोडतो, अर्जुनाला घायाळ करतो आणि मग पुन्हा चाकाला हात घालतो. ज्याने लढाई सोडलेली नाही त्याचा वध हा युद्धाचाच भाग राहतो; आजच्या कायद्यानेही शत्रुत्वाची कृती चालू ठेवणाऱ्याला संरक्षण नाकारले आहे. दुसरे कारण अधिक मूलगामी आहे. कृष्णाच्या उत्तराने कर्णाचा तक्रार करण्याचा अधिकार हिरावला जातो, पण नियम रद्द होत नाही. नियम मोडणाऱ्याच्या तोंडी नियमाची भाषा शोभत नाही, हे खरे असले तरी त्याच्या तोंडी ती शोभत नाही म्हणून इतरांवरचे नियमाचे बंधन सैल झाले, असे अनुमान निघत नाही. महाभारतकाराने स्वतः हा भेद राखला आहे. दुर्योधन मांडी मोडून पडलेला असताना पांडवपक्षाने केलेल्या अधर्मांची यादी वाचतो तेव्हा त्याच्यावर आकाशातून पुष्पवृष्टी होते आणि पांडव लज्जित होतात. विजयी पक्षाच्या कथेत पराभूताच्या या आरोपाला देवांची साक्ष मिळावी, ही ग्रंथकाराची मोठी सावधगिरी होय.

आततायीच्या नियमाचीही अशीच फोड करावी लागते. तो नियम चालून येणाऱ्याविषयी आहे; आग लावत असलेल्या हाताला थांबवण्यासाठी तो वधाची मुभा देतो, आग लावून झाल्यावर बांधून आणलेल्या माणसाविषयी तो काहीच बोलत नाही. त्या माणसाला दंड व्हायचा तर तो राजाने, म्हणजे चौकशी करून निवाडा देणाऱ्या सत्तेने द्यायचा असतो. एवढेच नव्हे, तर गीतेच्या पहिल्या अध्यायात अर्जुन कौरवांना आततायी म्हणूनही त्यांच्या वधाने पापच लागेल, अशी शंका घेतो. म्हणजे आततायी ठरणे आणि वधाला पूर्ण मोकळीक मिळणे या दोन गोष्टी एकच आहेत, असे त्या काळीही सर्वांनी गृहीत धरलेले नव्हते.

रुसेल्सहाइम या जर्मन गावात २६ ऑगस्ट १९४४ रोजी जे घडले त्यात जमावाच्या न्यायाचे सर्व दोष एकत्र दिसतात. दोन दिवसांपूर्वी पाडल्या गेलेल्या एका अमेरिकी विमानातील आठ वैमानिकांना रेल्वेने चौकशी-छावणीकडे नेले जात होते. आदल्या रात्री ब्रिटिश विमानांनी गावावर केलेल्या हल्ल्यात रूळ उखडले गेल्यामुळे त्यांना पायी गावातून न्यावे लागले. रस्त्यात आरडाओरड सुरू झाली, दगड, विटा, काठ्या आणि हातोडे बाहेर आले, आणि शेवटी पक्षाच्या एका स्थानिक पुढाऱ्याने पिस्तुलाने गोळ्या झाडल्या. मृत समजून आठही जणांना गाडीवर घालून दफनभूमीत नेण्यात आले. तेवढ्यात हवाई हल्ल्याचा भोंगा वाजून लोक पांगले म्हणून दोघे वाचले आणि सहा जण मेले. आदल्या रात्री गावावर बॉम्ब टाकणारे ब्रिटिश होते आणि मारले गेलेले अमेरिकी होते, हे त्या जमावातल्या कोणी विचारलेही नाही. तथापि या चुकीवर सारा युक्तिवाद उभा करणे धोक्याचे आहे. कारण मग नेमके त्याच गावावर बॉम्ब टाकणारे वैमानिक सापडले असते तर त्यांची हत्या योग्य ठरली असती, असा अर्थ निघेल. अपराधी ओळखण्यात चूक झाली नसती तरी हत्या हत्याच राहिली असती. चुकीने केवळ एवढे उघड केले की, जमाव ज्याला न्याय म्हणतो त्यात अपराध्याचा शोध हा भागच नसतो. युद्धानंतर जुलै १९४५ मध्ये डार्मस्टाट येथे अमेरिकी लष्करी न्यायमंडळापुढे खटला चालून त्या पुढाऱ्यासह पाच जणांना फाशी देण्यात आली.

जमावाच्या हातून घडलेल्या पापात हात न उचलणाऱ्याचा वाटा किती, हा याच प्रश्नाचा दुसरा पैलू असून तो जर्मनीतील एसेनच्या खटल्यात नेमका पुढे आला. १३ डिसेंबर १९४४ रोजी तीन ब्रिटिश वैमानिकांना एका शिपायाच्या पहाऱ्यात चौकशीसाठी पाठवताना कॅप्टन हायर या अधिकाऱ्याने बराकीच्या पायऱ्यांवर उभे राहून, बाहेर जमलेल्यांना ऐकू जाईल अशा आवाजात, नागरिकांनी कैद्यांना त्रास दिला तर मध्ये पडू नकोस, असे त्या शिपायाला बजावले. पुढे रस्त्यात दगड आणि काठ्यांचा मारा झाला, कैद्यांना पुलाच्या कठड्यावरून खाली फेकण्यात आले, आणि तिघेही मेले. हायरने कोणाला हात लावला नव्हता, शिपायाने तर केवळ आज्ञा पाळली होती. तरीही डिसेंबर १९४५ मध्ये ब्रिटिश लष्करी न्यायालयाने हायरला फाशीची आणि शिपायाला कारावासाची शिक्षा दिली, कारण ताब्यात आलेल्या माणसाचे रक्षण करणे हे शिपायाचे कर्तव्य होते आणि त्याने ते केले नाही. गीतेच्या चौथ्या अध्यायात कर्म, अकर्म आणि विकर्म, म्हणजे करणे, न करणे आणि निषिद्ध करणे, यांची गती गहन आहे असे जे सांगितले आहे त्याचे हे रोकडे उदाहरण आहे. बाहेरून अकर्म दिसणारे शिपायाचे गप्प चालणे हे वस्तुतः विकर्म होते. रक्षणाचा भार ज्याच्यावर आहे त्याला तटस्थ राहण्याची सोय नसते.

मग ज्याचे घरदार खरोखरच जळाले, ज्याची मुले मारली गेली, त्याच्या दुःखाला या विचारात स्थान कोणते? या प्रश्नाला परंपरेने दिलेले सर्वांत गंभीर उत्तर अश्वत्थाम्याच्या कथेत आहे. सौप्तिक म्हणजे झोपलेल्यांवर केलेला हल्ला. त्या नावाच्या पर्वात अश्वत्थामा रात्री पांडवांच्या शिबिरात शिरून द्रौपदीच्या पाचही मुलांना मारतो, आणि कृप व कृतवर्मा दारे अडवून शिबिराला आग लावतात. रात्र, झोपलेली माणसे आणि आग या तिन्ही गोष्टी बॉम्बहल्ल्याच्याच आहेत. महाभारतात द्रौपदी प्रथम अश्वत्थाम्याच्या वधाचा हट्ट धरून प्रायोपवेशनाला बसते आणि अखेर त्याच्या मस्तकावरील मणी मिळाल्यावर शांत होते. भागवतात तर अर्जुनाने बांधून आणलेल्या अश्वत्थाम्याला पाहून, आपण रडतो तशी याची आई रडू नये, म्हणून ती त्याला सोडायला सांगते. दोन्ही कथांत त्याला निर्दोष ठरवलेले नाही. त्याचा मणी काढून घेतला जातो, आणि महाभारतात तर कृष्णाच्या शापाने त्याला हजारो वर्षे एकट्याने भटकण्याचे दुर्दैव भोगावे लागते. म्हणजे शिक्षेचा आणि जीव घेण्याचा प्रश्न तेथे वेगवेगळा केलेला आहे. यातून द्रौपदीप्रमाणे प्रत्येक शोकाकुल मातेने क्षमा केलीच पाहिजे, असा विधी काढणे मात्र अन्यायाचे होईल. क्षमा मागून मिळते, सक्तीने नाही. सक्ती करता येते ती फक्त हात आवरण्याची.

हात आवरणे हे कर्तव्य आणि त्यापलीकडे जाऊन आसरा देणे हा कर्तव्याहून मोठा धर्म, असा भेद केला तर बेल्जियममधील अनुभवाचे मोल कळते. ५ एप्रिल १९४३ रोजी अँटवर्पजवळच्या मॉर्टसेल येथे विमानांच्या कारखान्यावर हल्ला करताना अमेरिकी बॉम्ब वस्तीवर पडून ९३६ नागरिक मेले, आणि तरीही त्याच देशातील माणसे पाडल्या गेलेल्या दोस्त वैमानिकांना घरात लपवत होती, कपडे आणि खोटी ओळखपत्रे देत होती. आंद्रे द योंग या चोविशीतल्या तरुणीने १९४१ मध्ये सुरू केलेल्या ‘कोमेट’ या गुप्त मार्गाने वैमानिकांना ब्रसेल्सहून पॅरिस आणि पिरेनीज पर्वत ओलांडून स्पेनमध्ये पोहोचवले जाई. जानेवारी १९४३ मध्ये ती पकडली जाऊन छळछावणीत गेली व जिवंत परतली, पण तिच्या वडिलांना १९४४ मध्ये गोळ्या घालण्यात आल्या. शरणागतासाठी स्वतःचे मांस कापून देणाऱ्या शिबी राजाची कथा अतिशयोक्त वाटणाऱ्या वाचकाने ही हकीकत तिच्या शेजारी ठेवून वाचावी. असा त्याग कायद्याने मागता येत नाही. तो करणाऱ्यांमुळे कायद्याची किमान मागणी किती अल्प आहे, हे मात्र कळते.

शेवटी विरथाचा स्वतःचा धर्म काय, हाही प्रश्न उरतो. ज्याला अभय दिले त्याने बंदिवास निमूटपणे सोसावा काय? १९४९ च्या जिनिव्हा कराराने कैद्याचा पळून जाण्याचा प्रयत्न हा अपराध मानलेला नाही. पुन्हा पकडलेल्याला केवळ शिस्तभंगाची, तीस दिवसांहून अधिक नसलेली शिक्षा देता येते. पळणार नाही असे वचन ज्याने दिले आहे तोच बांधला जातो. १० डिसेंबर १९७१ रोजी सुखोई-७ विमान पाडले गेल्यावर पाकिस्तानात कैद झालेले मराठी वैमानिक दिलीप परुळकर यांनी मलविंदरसिंग ग्रेवाल आणि हरीश सिंहजी यांच्यासह रावळपिंडीच्या छावणीची भिंत पोखरून १३ ऑगस्ट १९७२ च्या पहाटेपूर्वी पलायन केले. खोटी नावे धारण करून ते पेशावरमार्गे लंडी कोतलला पोहोचले. तेथे त्यांनी लंडी खाना या, १९३२ पासून बंद पडलेल्या, रेल्वे स्थानकाची वाट विचारली आणि अफगाणिस्तानात पळून जाऊ पाहणारे बंगाली म्हणून त्यांचा संशय आला. हेर म्हणून गोळी घातली जाण्याचा धोका खरा होता, आणि त्या क्षणी परुळकरांनी मदतीसाठी नाव घेतले ते छावणीचे पूर्वीचे पाकिस्तानी प्रमुख, स्क्वॉड्रन लीडर उस्मान हमीद यांचे. दूरध्वनीवरून ओळख पटली, तिघे पुन्हा कैदेत गेले आणि १ डिसेंबर १९७२ रोजी वाघा सीमेवरून मायदेशी परतले. ज्याच्या कैदेतून पळायचे त्याच्याच शब्दावर जीव सोपवता येतो, यात विसंगती नाही. पळणे हे कैद्याच्या निष्ठेचे काम होते आणि जीव राखणे हे पकडणाऱ्याच्या धर्माचे काम होते, आणि दोघांनीही आपापले काम केले.

या सर्व विवेचनातून निघणारा निष्कर्ष असा की, पडलेल्या वैमानिकाचे रक्षण हे त्याच्या निरपराधीपणावर अवलंबून नाही, आणि त्याचा अपराध कितीही मोठा असला तरी तो ज्याच्या ताब्यात आहे त्याला वधाचा अधिकार त्यातून मिळत नाही. अपराधाची चौकशी व्हावी, जिंकलेल्या पक्षाच्या वैमानिकांचीही व्हावी, आणि हॅम्बुर्गच्या बाबतीत तशी ती कोणत्याही न्यायालयात झाली नाही, हे युद्धोत्तर न्यायव्यवस्थेचे न्यून मान्य केलेच पाहिजे. परंतु न्यायालयाने न केलेला न्याय रस्त्यावरच्या दगडाने पुरा होत नाही. शत्रूने धर्म मोडला म्हणून आपला धर्म सुटतो, असे मानणाऱ्या पक्षाजवळ धर्म कधी नव्हताच. त्याच्याजवळ होता तो केवळ सोयीचा करार.